बंदीतल्या बॅटऱ्या

दापोलीहून हर्णैकडे उतरताना, ऐन जूनच्या झडीत, एका बॅटरीच्या दुकानासमोर पाय अडले. आत फळीवर बॅटऱ्यांची रांग. प्रत्येकीच्या अंगावर ऑइलपेंटने नौकेचं नाव: लक्ष्मीप्रसाद, एकवीरा, आणखी एक एकवीरा, तिच्याखाली 'धाकटी'. नौका तिकडे आंजर्ल्याच्या खाडीत झापांखाली शाकारलेल्या, आणि त्यांच्या बॅटऱ्या इथे चार्जिंगला.

१ जूनपासून ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद. हे दिवस मासळीला वाढायला मिळतात, आणि ते मिळालेच पाहिजेत. पण शिशाच्या बॅटरीला विसावा मानवत नाही. नुसती ठेवली तरी ती आतून उतरत जाते. ॲसिडातलं सल्फेट प्लेटांवर बसतं, हळूहळू खड्यांसारखं घट्ट होतं, आणि मग कितीही करंट द्या, प्लेटा घेत नाहीत. ऑगस्टमध्ये बटण दाबावं तर सेल्फ नुसता 'टक्' करतो.

माझे एक काका एस.टी.च्या वर्कशॉपात बॅटरी सेक्शनला होते. त्यांची खाकी पँट घरी यायची तेव्हा धड असायची. काकू ती धुवायची आणि वाळत घालताना भोकं दिसायची, बोट जाईल एवढी. ॲसिडाचा थेंब कापडावर पडलेला कळत नाही, धुतल्यावर कळतो. खिशात खाण्याच्या सोड्याची पुडी कायम. सुट्टीत डबा द्यायला गेलो की ते मला दाराशी उभं करायचे, आत येऊ द्यायचे नाहीत. चार्जिंगला लावलेल्या बॅटऱ्यांतून हायड्रोजन निघतो, म्हणून खिडक्या सताड उघड्या आणि विडी-काडीला बंदी. दारातून मी बघायचो. हायड्रोमीटरचा रबरी गोळा दाबून ते ॲसिड वर ओढायचे, नळी डोळ्यासमोर धरायचे, आतला तरंगता काटा काचेला टेकू नये म्हणून मनगट किंचित फिरवायचे. "बाराशे पन्नास," म्हणायचे, आणि चेहरा खुलायचा. म्हणजे ॲसिड पाण्याच्या सव्वापट जड, बॅटरी भरलेली. उतरलेल्या बॅटरीत सल्फेट प्लेटांत गेलेलं असतं, मागे पाणीच जास्त उरतं; काटा अकराशेच्या घरात बुडतो. सहाही सेलचे आकडे ते वहीत वेगवेगळे लिहायचे. पाच चांगले आणि एक पन्नासने मागे दिसला की त्या सेलभोवती खडूने गोल. सहा भावंडांतलं एक आजारी पडलं की घर जसं त्याच्यापाशी गोळा होतं, तसे ते त्या एका सेलपाशी बसायचे. डिस्टिल वॉटर चार्जिंग झाल्यावर, प्लेटा उघड्या पडल्या असतील तरच आधी, तेही बुडण्यापुरतं. नळाचं पाणी त्यांच्या हद्दीत कुणी आणलेलं मी पाहिलं नाही. "बॅटरी वापरून मरत नाही रे, ठेवून मरते," असं ते म्हणायचे, आणि सुट्टीवर जाताना सहकाऱ्याला आपल्या बॅटऱ्यांबद्दल बजावून जायचे.

हर्णैला हंगामात नौका समुद्रात नांगरलेल्या असतात. दीडशे अँपिअर-अवरची बॅटरी भरते चाळीस-पंचेचाळीस किलो. ती दोघांनी दोन कड्या धरून, कमरेएवढ्या पाण्यातून, कलू न देता छोट्या होडीत चढवायची. कलली तर ॲसिड मांडीवर. आणि खारं पाणी आत गेलं तर क्लोरिन निघतो. महायुद्धांतल्या पाणबुड्यांमधले खलाशी याला भीत.

जाणता तांडेल बॅटऱ्यांचे दोन संच ठेवतो. एक फक्त इंजिनाच्या सेल्फसाठी. वायरलेस, जीपीएस, फिशफाइंडर, केबिनमधला दिवा, कुणाचा मोबाइल, सगळं दुसऱ्यावर. जाळं टाकून इंजिन बंद केलं की रात्रभर हा दुसराच संच राबतो. पहिल्याला कुणी हात लावायचा नाही, पोराचा फोन बंद पडला तरी. जुन्या लहान इंजिनांना हँडल मारता यायचं. आजच्या सहा सिलिंडरच्या इंजिनाला माणसाचं बळ पुरत नाही. सेल्फची बॅटरी बसली की नौका वाऱ्यावर. तेव्हा दुसऱ्या संचात जीव असेल तर चॅनल १६ वर हाक तरी मारता येते.

हे सगळं जपून वापरायच्या विजेचं. जनरेटर लावून समुद्रावर दिवस उजाडवणारी एलईडी मासेमारी मला बघवत नाही. २०१७ मध्ये केंद्राने तिच्यावर बंदी घातली, ती योग्यच होती. पिल्लांसकट मासळी उजेडाला धावते आणि छोट्या होडीवाल्याच्या जाळ्यात काही उरत नाही.

आता लिथियमच्या बॅटऱ्यांची चौकशी तरुण नाखवे करतात. वजन निम्म्याहून कमी, हा मोठाच दिलासा. पण ती इतक्या जोराने करंट ओढते की साधा अल्टरनेटर तापून जळू शकतो. मधे नियंत्रक बसवावा लागतो. वायरलेसच्या संचाला ती खुशाल घ्यावी. सेल्फला मात्र मी अजून शिशाचीच ठेवीन. आणि हायड्रोमीटर शे-दोनशे रुपयांना मिळतो. बंदरावरच्या प्रत्येक मच्छीमार सोसायटीत तो असावा, शेजारी एक वही असावी, आणि काटा कसा वाचायचा हे नव्या पोरांना दाखवणारं कुणीतरी असावं.