उद्याची सोय

अमरावती,
जानेवारीतला रविवार, दुपार

प्रिय सखे,

तुझ्या मेलबर्नच्या फ्रीजचा फोटो पोचला. सात डबे, सात झाकणं आणि झाकणांवर सात वार. रविवारी राजमा, सोमवारी पालक पनीर, थेट शनिवारच्या छोल्यांपर्यंत. बाप्पा! घरात सगळ्यांना दाखवला. सासूबाईंनी चष्मा लावून नीट पाहिला आणि विचारलं, "शुक्रवारची भाजी रविवारीच करून ठेवली? मंग शुक्रवारी ते पोरगी काय करते?" आराम करते, म्हटलं. त्यांचा अजून विश्वास बसलेला नाही.

तुझ्या शनिवारच्या डब्याबद्दल मात्र एक बोलते. शिजवलेलं अन्न फ्रीजमध्ये तीन-चार दिवसांच्या पलीकडे ठेवू नये असं सांगतात. बुधवारनंतरचे डबे फ्रीजरमध्ये टाक. भात शिजला की ओट्यावर तासन् तास गार होत ठेवू नकोस, पसरट भांड्यात काढून लवकर आत घाल. आपल्याला लहानपणी फोडणीच्या भाताचं कौतुक होतं, पण तो रात्रीचा भात सकाळी आठपर्यंत संपलेला असायचा.

तू म्हणालीस, तुमचंही आठवड्याचं वेळापत्रक पाठव. आमच्या फ्रीजवर एक कागद आहे खरा, पण तो तुला फारसा कामाचा वाटणार नाही. त्यावर पदार्थ नाहीतच म्हण ना. 'सोम रात्री: मठ भिजत. मंगळ सकाळी: फडक्यात बांधणे. बुध: लसूण सोलणे. रवि: दळण.' असलंच सगळं. जेवायला काय करायचं ते ऐन वेळी ठरलं तरी चालतं गं. आदल्या रात्री काय करून ठेवायचं ते ठरलेलं नसेल तर मात्र दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खिचडीशिवाय गत्यंतर नसतं. खिचडी वाईट नाही, पण आठवड्यातून चारदा झाली की पोट्टे ताटाकडे बघून आधी सुस्कारा टाकतात आणि मग जेवतात.

मी हल्ली अप-डाउन करून राहिले, हे तुला सांगितलं होतं. बडनेरा ते अकोला, ऐंशीएक किलोमीटर, मध्ये मूर्तिजापूर. 2020 च्या फेब्रुवारीअखेर सरकारी कचेऱ्यांना पाच दिवसांचा आठवडा झाला, शनिवार हाती आला. त्याबदल्यात कामाची वेळ सकाळी 9.45 ते संध्याकाळी 6.15 झाली. म्हणजे सकाळी साडेसातला घर सोडायचं आणि परत येताना गाडी वेळेवर असली तर आठ. हे अमरावतीतच असतात, पण त्यांचं दुकान, तेही रात्री नऊपर्यंत. तुला आठवतं का, 2022 च्या जूनमध्ये याच अमरावती-अकोला महामार्गावर लोणी ते माना 75 किलोमीटरची एक लेन 105 तास 33 मिनिटांत डांबरी करून गिनीज बुकात नाव गेलं? 105 तास म्हणजे सोमवार सकाळ ते शुक्रवार दुपार. तेवढ्या वेळात मी चार माणसांचे पाच दिवसांचे डबे भरते. माझं नाव कुठल्या बुकात नाही, ते असो.

आता तुझी डब्यांची पद्धत इथे का चालत नाही, ते ऐक. पहिलं कारण भाकरी. पोळ्यांची कणीक मळून एक दिवस ठेवता येते, काळी पडली तरी पोळी होते. ज्वारीचं तसं नाही. ज्वारीत ग्लूटेन नसतं, त्यामुळे पीठ धरून ठेवायला काहीच नाही. आधणाचं पाणी घातलं की पिठूळ भाग थोडा शिजतो, त्या चिकटपणावर भाकरी थापली जाते. पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते आणि भाकरी परातीतच कडेने फाटते. वर कडवटही लागते. म्हणून आमच्याकडे दळण आठ दिवसांपुरतंच. आता ज्वारीही काही गरिबाची राहिली नाही. आपल्या लहानपणी शिवारात जिकडे तिकडे ज्वारी असायची. आता अमरावतीहून अकोल्यापर्यंत खिडकीतून पावसाळाभर सोयाबीन आणि पऱ्हाटीच दिसते. कधीतरी ज्वारीचा एखादा पट्टा दिसला की डब्यातल्या बायका एकमेकींना दाखवतात.

दुसरं कारण पाणी. अमरावतीला मोर्शीजवळच्या सिंभोऱ्याच्या ऊर्ध्व वर्धा धरणातून पाणी येतं, पण नळाला रोज येत नाही, हे तुझ्या वेळीही होतंच. अकोल्याला महानच्या काटेपूर्णा धरणाचं, आणि पाऊस कमी झाला की तिथे दोन पाळ्यांमधलं अंतर वाढतच जातं. माझी तिथली एक सहकारी भाजी ठरवताना चवीचा विचारच करत नाही, भांडी किती पडतील तो करते. तिचं पाहून मीही तसंच करायला लागले. नळाच्या दिवशी आंबाडी, मेथी, चाकवत, कारण पालेभाजीची माती तीन पाण्यांशिवाय जात नाही. नळ नसेल त्या दिवशी एका कढईचं जेवण, वरणफळं नाहीतर गोळाभात. तुझ्या पुस्तकांत प्रथिनं-जीवनसत्त्वांवरून आठवडा आखतात, इकडे पाण्याच्या पाळीवरून आखावा लागतो आणि गंमत म्हणजे त्यात पालेभाजी आपोआप बसते.

तिसरं कारण ऊन, पण ते जानेवारीत बसून तुला काय सांगू? मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो, त्यात दुपारी चार तास वीज गेली तर तुझ्या सातही डब्यांची आंबील होईल.

पण खरं सांगू, आपल्या आज्यांकडे आठवड्याचं नाही, अख्ख्या वर्षाचं नियोजन होतं आणि ते त्याच उन्हाच्या भरवशावर. आखाजीच्या आगेमागे गच्चीवर सगळं पसरलेलं असायचं. मुंगवड्या, कुरडया, ज्वारीचे धापोडे, आमरसाबरोबर खायचे सरगुंडे. आपण राखण करायला बसायचो आणि राखण करता करता अर्धे ओले धापोडे संपवायचो. ती सगळी तयारी पावसाळ्यात भाजी मिळाली नाही तर म्हणून असायची. मला ती आता बुधवारसाठी लागते. बुधवार हा आठवड्यातला सगळ्यात रिकामा वार आहे. रविवारची ताजी भाजी संपलेली, अंगातलं त्राणही संपलेलं. मूठ-दोन मुठी मुंगवड्या तेलात परतायच्या, कांदा-लसूण, तिखट, पाणी, की वीस मिनिटांत रस्सा. कापायला एक कांदा. मूग भिजवणं, वाटणं, घालणं, वाळवणं हे सगळं कुणीतरी मे महिन्यात करून ठेवलेलं आहे. माझ्याकडून ते होत नाही, मी बचत गटाच्या बायकांकडून घेते आणि किमतीत कधीच घासाघीस करत नाही. त्यांनी 45 डिग्रीत उभं राहून माझा बुधवार सोपा केलेला असतो.

आठवड्याचे काही वार तर देवांनीच आखून दिलेत. सोमवारी सासूबाईंचा उपास. पूर्वी त्यांच्यासाठी वेगळं आणि आमच्यासाठी वेगळं असे दोन स्वयंपाक व्हायचे. आता रात्री सगळ्यांनाच भगर आणि दाण्याची आमटी. गुरुवार गजानन महाराजांचा. शेगाव इथून काही लांब नाही, 23 फेब्रुवारी 1878 ला महाराज तिथे प्रकटले तेव्हापासून वऱ्हाडातल्या अर्ध्या घरांचा गुरुवार ठरलेला आहे. चून-भाकर, ठेचा, कांदा, आणि मिळाली तर आंबाडीची भाजी. नैवेद्य म्हणून केलं की त्याला कुणी नाक मुरडत नाही. बेसन घरात असतंच, पंधरा मिनिटांत होतं. महाराजांना श्रीखंड-पुरी आवडत असती तर माझी काय अवस्था झाली असती, असा विचार दर गुरुवारी मनात येतो आणि मी हात जोडते.

मंगळवार मठाच्या उसळीचा म्हणून ठरला होता, पण थंडीत मठाला मोड यायला जास्तीचा अर्धा दिवस लागतो, म्हणून सध्या उसळ सरकून बुधवारच्या सकाळच्या डब्यात गेली आहे. उन्हाळ्यात ती पुन्हा मागे येईल. मे महिन्यात रात्रभर बांधून ठेवले तर मठ आंबतात. कागद पेन्सिलीने लिहायचा तो याचसाठी. शुक्रवार मी मुद्दाम कोरा ठेवलाय. आठवडाभर जे उरलं असेल, पाव कोबी, दोन वांगी, वाटीभर वरण, ते सगळं त्या दिवशी संपवायचं. पाहुणे आले तर शुक्रवारचं कोरेपण त्यांना देऊन टाकायचं. आपल्याकडे पाहुणे कळवून थोडेच येतात.

शनिवार संध्याकाळी चूल बंद, गिल्या वड्याची गाडी. हे ऐकून तुझ्या तोंडाला पाणी सुटावं म्हणूनच लिहिलं.

आज सकाळी इतवारा बाजारात जाऊन आले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये जो आहार सांगितला, त्यात माणशी रोज 400 ग्रॅम भाज्या आहेत. चार मोठ्या माणसांचे रोज 1 किलो 600, आठवड्याचे अकरा किलोंच्या वर. हा हिशेब मी भाजीवालीला सांगितला तर ती म्हणाली, "मंग घ्या ना बाई, काहून थांबल्या?" आणि वर मूठभर सांभार टाकला. आमची अजून पुरी अकरा किलो होत नाही, पण पिशव्या एकावरून दोन झाल्या. नासणाऱ्या भाज्या आधी, टिकाऊ मागून. सोमवार-मंगळवारी पालेभाजी, भेदरं. कोहळं, कांदे, आलू आठवड्याच्या शेवटाला.

आणि सखे, तुरीच्या शेंगा आल्यात. दोन किलो आणल्या. दुपारभर टीव्हीपुढे सगळ्यांना बसवून सोले काढले. अर्ध्या सोल्यांची आज रात्री वांगी घालून भाजी, अर्धे पिशवीत घालून फ्रीजरमध्ये. बर्फातून काढलेल्या सोल्यांना ताज्यांची चव येत नाही हे मला मान्य आहे, पण मार्चमध्ये रात्री साडेआठला मला ते कुणी बोलून दाखवू नये. आठवड्यातलं हे सोले काढायचं एकच काम असं आहे की ज्याला कुणी काम म्हणत नाही. धाकटा तर अर्धे खातच होता.

त्या कागदावर वारांच्या पुढे एक रकाना आहे, नावांचा. तो भरायला सगळ्यात जास्त वेळ लागला. 2019 च्या देशाच्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांची रोजची 299 मिनिटं निघाली, घरकाम करणाऱ्या पुरुषांची 97. आता पोळी लाटता लाटता उद्या काय, तेल किती उरलं, लेकीला डब्यात काय, हा हिशेब डोक्यात चालू असतो, तो त्या 299 मध्ये कुठे टाकायचा सांग. मदत करणारे नवरे आता पुष्कळ झालेत. 'सांग, काय करू?' असं विचारत ओट्यापाशी उभे राहतात. डाळ संपत आली आहे हे आपणहून पाहणारा नवरा मला अजून भेटायचा आहे. म्हणून आमच्याकडे नियम असा की ज्याच्या नावापुढे काम आहे, त्याने विचारायचं नाही. भिजत घालायचं काम ह्यांचं. दुकानातून आले की आधी कागद, मग जेवण. एका सोमवारी विसरले. मी काहीच बोलले नाही, बुधवारी डब्यात लोणचं-पोळी दिली. तेव्हापासून फोनमध्ये गजर लावलाय. लेकीकडे दळण, कारण स्कूटी तिच्याकडे. धाकट्याकडे लसूण आणि सांभार निवडणं. तो देठ ठेवतो आणि पानं टाकतो असा सासूबाईंचा आरोप आहे.

कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' मला लग्नात दोन जणींनी दिली होती, एक तुझीच. पदार्थ कसा करायचा ते तिच्यात पाहून होतं, बुधवारी दमून आल्यावर कोणता करायचा ते आपलं आपल्यालाच बघावं लागतं. तू आपलं सात डबे सोड आणि पुढच्या आठवड्यात फक्त दोन वार बांधून बघ. गुरुवार चुनाचा, तो तर तुझ्याही हातचा आहे. आणि एक वार कोरा. बाकीचे तुझे राजमा-पनीर राहू देत. भाकरी करायची असेल तर तिकडच्या दुकानातल्या ज्वारीच्या पाकिटावर दळल्याची तारीख आधी बघ.

आज लेकीचा क्लास आहे म्हणून दळण माझ्यावर आलंय आणि चक्की सहाला बंद होते. ठेवते.

तुझी,
अमरावतीकरीण

ता. क. मुंगवड्या पाठव म्हणतेस, पण तुमच्याकडे विमानतळावर खाण्याची प्रत्येक वस्तू लिहून दाखवावी लागते म्हणे. तू येशील तेव्हा पिशवी बांधून ठेवते. अर्जावर 'वाळवलेल्या डाळीचे गोळे' असं लिही आणि विचारलं तर शिजवून दाखवायची तयारी ठेव.