इथून रिफ्रेश करते, सर

नेट गेलं की आधी घरात चौकशी होते, "तुझं चालू आहे का?" मग कुणीतरी टीव्हीच्या मागे वाकून राऊटरचे दिवे वाचतं. तक्रारीचा निम्मा निकाल तिथेच लागलेला असतो. 'पॉन'चा दिवा हिरवा आणि स्थिर असेल तर एक्स्चेंजपासून घरापर्यंतचं फायबर शाबूत आहे. बिघाड लॉगिनचा, सेटिंगचा किंवा घरातल्या वायफायचा. तो कंपनीला खुर्चीतून न उठता काढता येतो. 'लॉस'चा दिवा लाल लुकलुकत असेल तर प्रकाशच पोचत नाहीये. मग तिकडे कितीही हुशार इंजिनिअर बसलेला असो, शिडी घेऊन माणूस यावाच लागतो. कस्टमर केअरची मुलगी सुरुवातीलाच दिव्याचं विचारते तेव्हा लोक चिडतात. चिडू नये, तिने नेमकं तेच विचारलेलं असतं जे विचारायला हवं.

*

"सर, मी इथून रिफ्रेश करते, दोन मिनिटं लाईनवर राहा."

या रिफ्रेशमध्ये ती काय करते? बऱ्याच कंपन्यांत आपला राऊटर युजरनेम-पासवर्ड देऊन लॉगिन करतो. त्या पद्धतीला पीपीपीओई म्हणतात, १९९९पासूनची आहे. वीज अचानक गेली की राऊटर लॉगआउट न करताच बंद पडतो आणि कंपनीच्या नोंदीत तो अजून आतच असतो. वीज आल्यावर पुन्हा लॉगिन करायला गेला की नकार मिळतो, कारण या नावाचं गिऱ्हाईक आधीच आत आहे. मुलगी ती शिळी नोंद पुसते, राऊटर पुन्हा प्रयत्न करतो, नेट येतं. राऊटरमध्ये कुणी काही दुरुस्त केलेलंच नसतं.

नवीन राऊटर आणून लावला आणि सगळं बरोबर असूनही चालेना, तर बहुधा जुन्या राऊटरचा मॅक पत्ता खात्याला बांधलेला असतो. "मॅक बाईंड काढा" एवढंच सांगायचं. हे तीन शब्द माहीत नसल्यामुळे चांगले राऊटर दुकानात परत गेलेले आहेत.

*

लोकांना वाटतं, कंपनी आपल्या राऊटरला फोन लावते. प्रत्यक्षात राऊटरच कंपनीला लावतो. टीआर-०६९ नावाचा हा रिवाज २००४ साली तेव्हाच्या डीएसएल फोरमने, म्हणजे आजच्या ब्रॉडबँड फोरमने, ठरवला. चालू झाल्यावर आणि त्यानंतर ठरलेल्या अंतराने राऊटर कंपनीच्या सर्व्हरकडे हजेरी लावतो: मी अमुक मॉडेल, माझ्यात सॉफ्टवेअर तमुक. सर्व्हरकडे काम असेल तर ते तेव्हा सांगितलं जातं. हे सेटिंग बदल, नवं सॉफ्टवेअर उतरवून घे, रीस्टार्ट हो. घाई असली तर सर्व्हर बाहेरून नुसती टकटक करतो, त्यासाठी ७५४७ क्रमांकाचं पोर्ट ठरलेलं आहे. पण बोलणं सुरू करायचं ते राऊटरनेच.

फायबरवाल्यांकडे आणखी एक वाट असते, ओएमसीआय. तिला इंटरनेटचा पत्ता लागत नाही, फायबरमधून प्रकाश येतोय एवढं पुरतं. म्हणून लॉगिन झालेलं नसतानाही ते आपल्या डब्यात डोकावू शकतात.

*

डोकावण्यावरून आठवलं. शेजारच्या काकांचा फोन स्पीकरवर होता.

"काका, तुमच्याकडे अकरा डिव्हाइस कनेक्ट आहेत. त्यातल्या 'आईचा फोन'ला सिग्नल खूप वीक आहे."

"ती आतल्या खोलीत असते."

"मग राऊटर हॉलमधून पॅसेजमध्ये घ्या ना."

सल्ला अचूक होता, पण काका दिवसभर घुश्शात. आईचा फोन तिला दिसतो म्हणजे काय! त्यांचं चुकीचं नाही. वीज आपली, बऱ्याचदा डिपॉझिटही आपलं, किल्ली मात्र तिकडे. जोडलेल्या उपकरणांची नावं, सिग्नलची ताकद, वायफायचं नाव तिकडून वाचता येतं आणि पासवर्डही बदलता येतो. आपण कुठली साइट बघतो ते त्या यादीत नसतं, हेही सांगून टाकलेलं बरं. ज्यांना एवढंही नको असेल त्यांनी कंपनीच्या डब्यामागे स्वतःचा राऊटर लावावा. तिकडून मग एकच डिव्हाइस दिसतं. वायफायची तक्रार तेवढी आपली आपण निस्तरायची.

*

लांबून तपासणं नवं नाही. सोसायटीच्या बाकावर टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ बसतात, त्यांना यावर बोलतं करायला फार कष्ट पडत नाहीत. १९८ला तक्रार आली की एक्स्चेंजच्या टेस्ट डेस्कवरून त्या नंबरच्या जोडीला मीटर लावायचं. तार तुटलीय, दोन तारा एकमेकींना चिकटल्यात, की एखादी 'अर्थ' झालीय, हे बसल्या जागी कळायचं. त्यावरून लाईनमनला पिलरकडे धाडायचं की डीपीकडे की थेट घरी, ते ठरायचं. पावसाळ्यात केबलमध्ये पाणी शिरलं की अर्थच्या तक्रारींचा ढीग.

"आम्हाला रोग बसल्या जागी कळायचा," ते म्हणाले, "औषध सायकलवरून जायचं."

*

आताचं मीटर डीबीएममध्ये बोलतं. घरी येणारा प्रकाश १४९० नॅनोमीटरचा, परत जाणारा १३१०चा, दोन्ही डोळ्यांना न दिसणारे. एका पोर्टवरचा प्रकाश स्प्लिटरमधून ३२ किंवा ६४ घरांत वाटला जातो आणि दर निम्म्या वाटणीला साधारण तीन डेसिबल खर्ची पडतात. घरी उणे २० पोचले तरी लाईन झकास. उणे २० म्हणजे मिलिवॉटचा शंभरावा हिस्सा. एवढ्याशावर चार खोल्यांत चार पडदे चालतात! उणे २७च्या आसपास मात्र राऊटर चाचपडायला लागतो, नेट येतं-जातं.

फोनवर "नेट स्लो आहे" म्हणण्याऐवजी "ऑप्टिकल पॉवर किती दिसते?" असं विचारून बघावं. पलीकडचा सूर बदलतो. गेल्या महिन्यात उणे १९ होती आणि आज उणे २६ दिसत असेल, तर फायबर कुठेतरी दुमडलंय. हे 'कुठेतरी' पुष्कळदा सोफ्याच्या मागे निघतं, दिवाळीच्या साफसफाईनंतर तर हमखास.

*

पुण्यात गुरुवार हा महावितरणच्या देखभालीचा वार. वीज जाते तेव्हा फायबरचा डबा उरल्यासुरल्या चार्जवर एक शेवटचा संदेश सोडतो: वीज गेली म्हणून जातोय. याला डाइंग गॅस्प म्हणतात. त्यामुळे तुटलेलं फायबर आणि गेलेली वीज यांतला फरक कंपनीला आपण सांगायच्या आधी कळतो. "तुमच्याकडे लाईट आहे ना, सर?" हा प्रश्न भोचक वाटला तरी त्यामागे हा संदेश असू शकतो.

राऊटरसाठी बारा व्होल्टचे छोटे यूपीएस मिळतात, घ्यावेत. पण आधी केबलवाल्याला विचारावं की मध्ये कुठल्या गच्चीवर विजेवर चालणारा स्विच आहे का. स्प्लिटरला वीज लागत नाही, स्विचला लागते. त्या गच्चीवरची बॅटरी मेलेली असेल तर आपला यूपीएस नुसते दिवे दाखवतो.

*

दुरुस्तीसाठी ठेवलेल्या दारातून चोरही येतो. २०१६च्या नोव्हेंबरअखेर जर्मनीत डॉइश टेलिकॉमच्या सुमारे नऊ लाख ग्राहकांचं नेट कोलमडलं. मिराई या घातक सॉफ्टवेअरचा एक अवतार जगभर तेच ७५४७ पोर्ट ठोठावत फिरत होता. गंमत अशी की जर्मनीतले ते राऊटर त्याला बळी पडलेच नाहीत, नुसत्या भडिमाराने गळाठले. कंपनीने नवं सॉफ्टवेअर पाठवलं आणि लोकांना सांगितलं, राऊटर बंद करून थोड्या वेळाने चालू करा.

आपल्याकडे पुढच्याच वर्षी, जुलै २०१७मध्ये, बीएसएनएलच्या मोडेमांवर हल्ला झाला. तो अधिक दुष्ट होता, थेट मोडेमच्या मेमरीवर घाव घालणारा. मूळचा पासवर्ड 'अ‍ॅडमिन' तसाच ठेवलेले मोडेम सापडत गेले. साठ हजारांच्या घरातले आकडे तेव्हा छापून आले होते. मेमरीच पुसली गेली की लांबून काही करता येत नाही, ऐकायला तिकडे कुणी उरलेलंच नसतं.

*

लांबून दुरुस्तीची खरी अडचण हीच: दुरुस्ती ज्या रस्त्याने जायची तोच बंद असतो. मोठमोठेही यात अडकतात. कॅनडात ८ जुलै २०२२ला रॉजर्स कंपनीचं जाळं एका सेटिंगच्या बदलाने देशभर झोपलं, एक कोटीहून जास्त ग्राहकांसकट. इंजिनिअरांची स्वतःची आत शिरायची वाटही त्याच जाळ्यावरून जात होती, त्यामुळे काय बिघडलंय हे बघायलाच त्यांना कित्येक तास लागले. आपण निदान मोबाईलच्या डेटावरून तक्रार तरी करतो. तोही त्याच कंपनीचा घेऊ नये, हे ओघानेच आलं.

*

राऊटर दुरुस्त करायला कंपनीला आपल्या मोबाईलमध्ये शिरावं लागत नाही. "नेट नीट करून देतो, एनीडेस्क टाका, नंबर सांगा" म्हणणारा भामटा समजावा आणि फोन ठेवावा. या अ‍ॅपच्या आडून होणाऱ्या फसवणुकीबद्दल रिझर्व्ह बँकेने २०१९च्या फेब्रुवारीतच बँकांना सावध केलं होतं. पैसे गेलेच तर १९३०, तेही लगेच.

*

राऊटरच्या पाठीवरच्या भोकात टाचणी घालणाऱ्या भाच्यांपासून सावध. रीस्टार्ट वेगळं, रीसेट वेगळं. रीसेटने लॉगिन, व्हीलॅन सगळं जातं. काही डबे ते सर्व्हरकडून आपोआप परत मागून घेतात, काही कोरेच्या कोरे बसून राहतात.

*

लाल दिव्याचा माणूस आला. जिन्यातल्या खिळ्याला घासून फायबर तुटलं होतं. त्याने कवच सोललं, काच स्पिरिटने पुसली, क्लीव्हरमध्ये सरळ छेद घेतला आणि दोन्ही टोकं स्प्लायसिंग मशिनमध्ये ठेवली. केसाएवढ्या काचेची दोन टोकं पडद्यावर समोरासमोर सरकली, ठिणगी चमकली, शून्य पूर्णांक शून्य दोन डेसिबलचा अंदाज आला. वर स्लीव्ह तापवली. मग शिडीवरूनच फोन: "पॉवर बघ रे. किती? एकवीस? चालेल."

तो शिडीवरून उतरायच्या आत मला मेसेज: आपली तक्रार दूरस्थ पद्धतीने सोडवण्यात आली आहे, कृपया रेटिंग द्या. त्याला दाखवला. म्हणाला, "द्या पाच, काका. आणि ओटीपी आलाय तो मला सांगा, त्याशिवाय माझं तिकीट बंद होत नाही."