आजचं दळण

आमच्या साताऱ्यात घराजवळच्या कोपऱ्यावर पूर्वी पिठाची गिरणी होती. त्या जागी गेल्या महिन्यात 'फॅमिली पिझ्झा रेस्टॉरंट' उघडलं. ही बातमी आमच्या घरात नातवाने आणली, सूनबाईंनी उचलून धरली, चिरंजीवांनी मंजूर केली आणि मग मला कळवण्यात आली. मी बँकेतून निवृत्त झाल्यापासून घरातले सगळे ठराव माझ्याकडे असेच 'माहितीसाठी सादर' होतात.

तसा माझा पिझ्झ्याला तत्त्वतः विरोध नाही. तत्त्वतः विरोध करायला आधी जवळ तत्त्व लागतं. माझा विरोध फक्त किमतीला.

खरा प्रश्न आईचा होता. वय वर्षं चौऱ्याऐंशी. "तुम्ही जाऊन या, माझा सकाळचा भात आहे," हे हॉटेलच्या बाबतीत तिचं ठरलेलं उत्तर. हा सकाळचा भात गेली साठ वर्षं शिल्लक आहे. पण जागा गिरणीची म्हटल्यावर ती म्हणाली, "बघू तरी काय केलंय मेल्यांनी तिथे!" आणि ठेवणीतलं इरकल नेसून आमच्या सगळ्यांच्या आधी दारात उभी राहिली.

आत शिरल्यावर तिने फुग्यांकडे, लाल खुर्च्यांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. सरळ एका कोपऱ्याकडे बोट केलं. "इथे पट्टा फिरायचा. आणि तिथे डब्यांची रांग. माझा ज्वारीचा डबा नेहमी कुणीतरी मागे सारायचं." त्या ठिकाणी आता पैसे भरायचं काउंटर होतं. रांग मात्र अजून तिथेच होती.

लाल टोपी घातलेला एक मुलगा मेनूकार्ड घेऊन आला. "काका, बारा इंची एक घेण्यापेक्षा आठ इंची दोन घ्या. तेवढ्याच पैशांत. आठ आणि आठ सोळा होतात."

एकतीस वर्षं व्याजाची आकडेमोड केलेल्या माणसासमोर कुणी अशी बेरीज करू नये. मी खिशातून पेन काढलं आणि कागदी रुमालावर दोन वर्तुळं काढली. पिझ्झा मोजतात इंचांत, पण खातात चौरस इंचांत! बारा इंचीचं क्षेत्रफळ सुमारे ११३ चौरस इंच. आठ इंची दोन्ही मिळून जेमतेम १००. म्हणजे या दुकानात सोळा हे बारापेक्षा कमी होते. शाळेत ज्या 'पाय आर वर्गा'पायी मी छड्या खाल्ल्या, तो आयुष्यात प्रथमच पोटासाठी उपयोगी पडला. "बाबा, हळू बोला ना," चिरंजीव म्हणाले. टोपीवाला मुलगा तो रुमाल घेऊन आत विचारायला गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. शेवटी बारा इंचीच दोन सांगितले. पहिला, नातवाचा हट्ट म्हणून, मार्गारिटा.

"हे कुणाचं नाव?" आईने विचारलं.

नातवाने शाळेत पिझ्झ्यावर प्रोजेक्ट केला होता. तो उभा राहूनच सांगू लागला. १८८९ साली इटलीची राणी मार्गारिटा नेपल्सला आली, तेव्हा म्हणे तिथल्या एका पिझ्झेवाल्याने तीन तऱ्हेचे पिझ्झे करून तिच्यापुढे ठेवले. तिला टोमॅटो, चीज आणि बेसिलचा आवडला. लाल, पांढरा, हिरवा, म्हणजे त्यांच्या झेंड्याचेच रंग. म्हणून त्याला तिचं नाव दिलं. ही गोष्ट खरी की मागाहून रचलेली, यावर जाणकारांत वाद आहेत. पण नातवाला त्यात दहापैकी नऊ मार्क मिळाले होते, त्यामुळे आमच्यापुरता वाद मिटला होता.

"बेसिल म्हणजे?"

"फालुद्यातला सब्जा असतो ना पणजी, त्याचं झाड. आणि २०१७ साली युनेस्कोने नेपल्सच्या पिझ्झा करायच्या कलेला जागतिक वारसा म्हणून मान दिला."

"भाकरीला दिलाय का?"

"नाही."

"हं," आई म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "राणीच ती. तिला विचारतात, काय आवडतं म्हणून."

टेबलावर एकदम शांतता पसरली. सौ.ने माझ्याकडे पाहिलं, मी मेनूकार्डाकडे. मला मटकीची उसळ आवडते, सौ.ला अळूची भाजी, चिरंजीवांना साबुदाण्याची खिचडी, हे आईला पाठ आहे. आईला काय आवडतं? बासष्ट वर्षं मी या बाईच्या हातचं जेवतोय आणि मला सांगता येईना.

तेवढ्यात तो टोपीवाला मुलगा दुसऱ्या पिझ्झ्याचं विचारायला आला. आमच्यातल्या एकाही शहाण्याला न सुचलेला प्रश्न त्याने सहज विचारला. "आजी, तुम्हाला वर काय घालू?"

"मला काय, काहीही चालतं," असं म्हणायला आईने तोंड उघडलं आणि मिटलं. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "कांदा. भरपूर घाल."

"कांदा?" मी ओरडलोच. "आपल्याकडे तर कांदा कधी..."

"तुझ्या बाबांना वास सोसत नसे."

"अगं, पण बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली!"

"हो. पण तोवर तुझी ॲसिडिटी सुरू झाली होती," आई म्हणाली.

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पाय आर वर्गाकडेही नव्हतं.

दुसरा पिझ्झा आला. वर इतका कांदा, की खालचं काही दिसेना. आईने पहिला घास घेतला, चावला आणि निकाल दिला, "पोळी कच्ची आहे. पण कांदा चांगला भाजलाय." एकूण सोळा तुकडे, माणसं सहा. प्रत्येकी दोन झाले आणि उरलेले तीन मुलाने आणि नातवाने मिळून संपवले. एक कांद्याचा तुकडा ताटात एकटा राहिला.

आमच्या घरात शेवटच्या तुकड्याचा नियम ठरलेला आहे. "घे रे, मला नको, पोट भरलं," असं आई म्हणते आणि तो माझ्या पानात पडतो. सवयीने मी ताट पुढे केलं. आईने माझ्याकडे पाहिलं, तुकड्याकडे पाहिलं आणि शांतपणे तो उचलून खाल्ला. बोटंसुद्धा चाटली.

बिल माझ्या अंदाजापेक्षा बरंच जास्त झालं. ते आयुष्यात पहिल्यांदाच मी पुन्हा तपासलं नाही.

काल संध्याकाळी मी पेपर वाचत बसलो होतो. आई इरकल नेसून समोर येऊन उभी राहिली.

"काय गं?"

"काही नाही," ती म्हणाली. "दळणाला जायचं का आज?"