राखून ठेवलेले रंग

छायाचित्रणाच्या फिल्मच्या खोक्यावर मुदतीची तारीख छापलेली असते. औषधाच्या पट्टीवरील तारखेसारखीच आपण ती वाचतो. पण त्या दिवशी फिल्म काही निकामी होत नाही. तोवर तिच्या रंगांची हमी निर्मात्याने घेतलेली असते, एवढेच. त्यापुढे ती कशी टिकेल, हे ती जिथे ठेवली त्या जागेवर अवलंबून राहते.

रंगीत निगेटिव्ह फिल्मवर निळ्या, हिरव्या आणि तांबड्या प्रकाशाला प्रतिसाद देणारे थर एकावर एक चढवलेले असतात. डेव्हलपिंग करताना त्यांतून अनुक्रमे पिवळा, मॅजेंटा आणि सायन रंग तयार होतात. हे थर सारख्या गतीने म्हातारे होत नाहीत. उष्णतेने, दमट हवेने आणि आसमंतातील किरणोत्साराने त्यांची संवेदनशीलता कमीअधिक घटते, रंगांचा तोल ढळतो आणि जिथे प्रकाश पोचलाच नाही तिथेही धुके धरते. म्हणून दर दहा वर्षांमागे एक स्टॉप, म्हणजे दुप्पट प्रकाश द्यावा, असा छायाचित्रकारांचा ठोकताळा आहे.

सांगलीचे आमचे घर पाडून तिथे इमारत व्हायची ठरली, तेव्हा आवराआवर करताना आम्हां बहीणभावांना हा ठोकताळा उपयोगी पडला. कपाटात वरच्या फळीवर वडिलांनी ठेवलेले कोनिका फिल्मचे दोन रोल निघाले. २०० एएसए, मुदत २००३ पर्यंत. कोनिका मिनोल्टाने २००६ मध्ये फिल्मच्या व्यवसायातून बाहेर पडत असल्याचे जाहीर केले. तेव्हा नवा रोल मिळण्याची सोय उरली नव्हती. वडील कोणत्या प्रसंगासाठी ते राखत होते, हे विचारायला ते हयात नव्हते. वीस उन्हाळे आणि २०१९ च्या महापुरानंतरची ओल त्या रोलांनी सोसली होती.

पहिल्या रोलची परीक्षा घेतली. वडिलांच्या यशिकावर २०० ऐवजी ५० धरून बोळ, तुळस, सायकली टिपल्या. उजेडातल्या वस्तू ओळखू आल्या. सावल्या मात्र पुराच्या पाण्यासारख्या गढूळ निघाल्या.

दुसऱ्या रोलवर आईचे छायाचित्र घ्यायचे होते. आईची जागा माजघरात, तांब्यापितळेच्या भांड्यांच्या फळीखाली. आणि जुन्या फिल्मला अंधार पेलत नाही. परसात बस म्हटले, तर आई म्हणाली, "मी कधी परसात बसते का? काढायचा तर इथेच काढा." मग आम्ही आईऐवजी वेळ हलवली. सकाळी खिडकीतून तिरीप येते तेव्हा कॅमेरा तिकाटण्यावर ठेवून अर्ध्या सेकंदाचे चित्र घेतले. त्याच बैठकीत फोनवरही एक काढले.

फिल्मवर आईचा चेहरा आणि हात उमटले; मागची भांडी हिरवट काळोखात बुडाली. फोनच्या चित्रात प्रत्येक भांडे लखलखत होते. दोन्ही प्रती आईपुढे ठेवल्या. आईने फोनची उचलली, कारण तिच्यात भांडी दिसत होती. दुसरीकडे बराच वेळ पाहून ती म्हणाली, "ह्यांनी वेळेवर वापरायला हवे होते."

जुन्या फिल्मच्या फिकट रंगांचे हल्ली मोठे कौतुक होते. तो रंग म्हणजेच आठवण, असे मानून फोनवरही तो चढवता येतो. चढवलेला रंग पुसला की खालचे चित्र शाबूत असते. जुन्या फिल्मवर मात्र जी सावली उमटलीच नाही, ती कोणत्याही दुरुस्तीने परत येत नाही. आईला हा भेद आमच्याआधी कळला.

राखून ठेवले म्हणजे टिकले, अशी आपली समजूत असते. पण ठेवलेली वस्तू आणि ती उघडण्याची विद्या, दोन्ही टिकावी लागतात. कोडाक्रोम फिल्म रंगांच्या टिकाऊपणासाठी नावाजलेली. पण तिच्यावर प्रक्रिया करणाऱ्या कॅन्ससमधील अखेरच्या प्रयोगशाळेने डिसेंबर २०१० नंतर नवे रोल घेणे थांबवले. कपाटात उरलेल्या कोडाक्रोममधून आता फार तर कृष्णधवल प्रतिमा निघते. रुमालात बांधलेल्या मोडी दप्तरांची गत याहून फार वेगळी नाही: कागद धड आहे, वाचणारे मोजके.

जुन्या पोथीचे संपादन करताना रचनेचा काळ आणि नकलेचा काळ वेगवेगळे नोंदवण्याची शिस्त आहे. पोथीतला कोणता शब्द कवीचा आणि कोणता मधल्या काळाचा, याचा शोध तिथूनच सुरू होतो. जुन्या फिल्मवरील चित्रामागेही अशा दोन तारखा लिहाव्यात, असे आम्हांस वाटते: चित्र टिपल्याची आणि फिल्मची मुदत संपल्याची. मग हिरवटपणा माजघराचा होता की कपाटातील वर्षांचा, हे पुढे पाहणाऱ्याला तरी ताडता येईल.