जुळलेला ताळेबंद

इंदूरच्या सियागंजात किराण्याच्या ठोक दुकानांत सर्व्हर म्हणजे बहुधा जिन्याखाली पोत्यांशेजारी उभा असलेला जुना टॉवर. पंख्यात हळद-मिरचीची भुकटी, आत विंडोज सर्व्हर २००३. मायक्रोसॉफ्टने जुलै २०१५ मध्येच त्याच्यावरून हात काढले. शेठजींचं म्हणणं, मशीन चालतंय ना!

मला बोलावणं येतं ते टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘कंपनी’, म्हणजे पेढीचा हिशेब, उघडेनाशी झाली की. बॅकअपचं विचारलं तर उत्तर ठरलेलं: ‘भिया, बैकअप तो रोज होता है.’ होतो, खोटं नाही. रात्री एक बॅच फाइल डेटाचं फोल्डर दुसऱ्या डिस्कवर उतरवते, कालच्यावर आजचं. डेटाची फाइल बिघडली की त्याच रात्री बिघडलेली प्रत चांगल्या प्रतीवर जाऊन बसते. मिररिंगचाही इथे उपयोग नाही. एक डिस्क मेली तर ते तारतं. चुकीचं लिहिलं गेलं तर दोन्हीकडे इमानाने तेच लिहितं.

म्हणून आधी सगळ्यांना टॅलीतून बाहेर काढायचं, अख्ख्या डिस्कची प्रत घ्यायची आणि दुरुस्ती त्या प्रतीच्या प्रतीवर करायची. कधी नुसती टीएसएफ फाइल बाजूला केली तरी भागतं. नाही भागलं तर कंट्रोल-ऑल्ट-आर, म्हणजे सगळा डेटा नव्याने लिहिणारं रीराइट. कंपनी उघडते, ट्रायल बॅलन्स पैशापैशाने जुळतो, शेठजी चहा-पोहे मागवतात.

माझं खरं काम तिथून पुढे. रीराइटला न वाचता आलेलं व्हाउचर गळू शकतं, आणि गळतं ते नावे-जमा दोन्ही बाजूंसकट. मग ताळेबंद जुळणारच! हाताखालच्या पोरांना हे पटवता पटवता माझी पुरेवाट होते.

काय गेलं ते शोधायचं तर बाहेरून. बिलांच्या क्रमांकातल्या फटी आधी दिसतात. नोंदणीकृत व्यापाऱ्यांना केलेली विक्री भरलेल्या जीएसटीआर-१ मध्ये बिलागणिक सापडते. खरेदीसाठी जीएसटीआर-२बी, कारण ते समोरच्यांनी भरलेल्या विवरणांवरून तयार होतं. बँकेतले व्यवहार पासबुकावरून. किरकोळ गिऱ्हाइकांची बिलं मात्र पोर्टलवर बहुतेक एकगठ्ठाच असतात. तिथे मुनीमजींची कच्ची रोकड कामी येते. संगणक आल्यावरही ती लिहिणं न सोडणाऱ्या मुनीमजींना मी कधी हसत नाही.

ऑगस्ट २०२२ पासून कंपन्यांना हिशेबाचा रोजचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर ठेवणं सक्तीचं आहे. भागीदारीतल्या पेढ्यांना तो नियम नाही. असता तरी प्रत रोज घेतली की कागदोपत्री काम झालं. ती उघडून कोण बघतो? मी आता पाळीपाळीने बदलायच्या तीन डिस्क देतो आणि अधूनमधून एखादी माझ्या लॅपटॉपवर चढवून व्हाउचरांची संख्या ताडतो.

सगळ्यात छळतात त्या जर्नल नोंदी. त्यांना बाहेरचा साक्षीदारच नाही. मार्चअखेर सीएंना पाठवलेल्या डेटात असतील तेवढ्या मिळतात. त्यानंतरच्या नोंदी मुनीमजींना शेजारी बसवून, एकेक खातं उघडून पुन्हा घालाव्या लागतात.