केळणेच्या काठावरचे पुरावे

भोकरदनजवळून वाहणारी केळणा ही काही मोठी नदी नाही. पुढे जाऊन ती पूर्णेला मिळते, आणि जिल्ह्याबाहेर तिचे नाव फारसे कुणी ऐकलेले नसते. पण या एकाच नदीच्या काठी दोन हजार वर्षांपूर्वीचे हस्तिदंताचे कोरीवकाम मातीतून वर आले. याच नदीच्या उतारावरून १८०३ साली इंग्रज सेनानी आर्थर वेलस्लीचे सैन्य शिंद्यांच्या तोफांसमोर गेले. तिथून दक्षिणेला आले की बदनापूरला तुरीच्या वाणांवर, दावलवाडीला कापसाच्या बियाण्यावर आणि कडवंचीच्या शिवारात पाण्यावर झालेले काम भेटते. एका देशात संशोधनाच्या किती तऱ्हा एकत्र नांदतात ते पाहायला मोठ्या राजधान्यांकडे जायची गरज नाही. १ मे १९८१ रोजी स्थापन झालेला जालना जिल्हा त्यासाठी पुरेसा आहे.

माझा विषय इतिहास. पण या जिल्ह्यात इतिहासाच्या वाटेने फिरताना शेतीशास्त्रज्ञ, भूजलाचे अभ्यासक आणि बियाणे पैदासकार यांना टाळून पुढे जाताच येत नाही. प्रत्येकाची भाषा वेगळी, हत्यारे वेगळी. तरी सगळ्यांना अखेरीस एकच प्रश्न विचारला जातो: पुरावा काय?

भोकरदनचे जुने नाव भोगवर्धन. सांचीच्या स्तूपावर कोरलेल्या दानलेखांत या गावचे रहिवासी भेटतात. म्हणजे इसवी सनापूर्वी इथली माणसे शेकडो मैलांवरच्या स्तूपाला देणगी देण्याइतकी सधन होती. पैठणहून अजिंठ्याच्या डोंगररांगेकडे आणि तिथून उज्जैनीकडे जाणाऱ्या व्यापारी मार्गावर हे गाव होते. शिलालेखांवरून एवढे कळत होते, पण त्या गावात लोक काय करत होते ते कळत नव्हते. नागपूर विद्यापीठ आणि तेव्हाचे मराठवाडा विद्यापीठ यांनी शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांच्या नेतृत्वाखाली १९७३ साली इथे उत्खनन केले, आणि उत्तर मिळू लागले. सातवाहन काळातील थरांत मणी, शंखाच्या बांगड्या, भाजक्या मातीच्या मूर्ती आणि हस्तिदंताच्या वस्तू सापडल्या. त्यांत एका स्त्रीमूर्तीने अभ्यासकांचे लक्ष वेधले, कारण तिची जवळची नातलग पस्तीस वर्षांपूर्वीच इटलीत सापडली होती.

व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली इसवी सन ७९ मध्ये गाडले गेलेले पॉम्पेई शहर उकरताना १९३८ साली अमेदेओ मायुरी यांना एका घरात हस्तिदंताची भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. उंची जेमतेम पंचवीस सेंटिमीटर. अंगावर भरगच्च दागिने, दोन्ही बाजूंना प्रसाधनाच्या वस्तू घेतलेल्या दोन लहान दासी. आज ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. सुरुवातीला विद्वानांनी तिचा उगम मथुरेकडे शोधला. भोकरदन आणि तेर इथल्या मिळत्याजुळत्या मूर्ती समोर आल्यावर नजर दख्खनकडे वळली, आणि आता पॉम्पेईची मूर्ती भोकरदनच्या परिसरात घडवली गेली असावी, हे मत बळकट मानले जाते.

इथे पुराव्याची खरी परीक्षा सुरू होते. पॉम्पेईच्या मूर्तीच्या तळाशी एक खरोष्ठी अक्षर कोरलेले आहे, आणि खरोष्ठी ही वायव्य भारतातली लिपी. मूर्ती दख्खनी असेल तर तिच्यावर गांधाराकडचे अक्षर कसे? ती आधी वायव्येला गेली आणि तिथून रोमकडे निघाली? की वायव्येकडचा कारागीर किंवा व्यापारी दख्खनमध्ये काम करत होता? शैली एक सांगते, लिपी दुसरे. या ठिकाणी निकाल देण्याची घाई करू नये, असे माझे मत आहे. पण एक गोष्ट ठामपणे म्हणता येते: भोकरदनच्या मूर्तीला एवढे मोल आले ते तिचा थर माहीत होता म्हणून. हीच मूर्ती एखाद्या दलालाच्या दुकानात मिळाली असती, तर ती सुंदर वस्तू राहिली असती, पुरावा झाली नसती.

केळणेच्या काठानेच पुढे असई येते. केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात २३ सप्टेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघुजी भोसले यांच्या फौजांशी वेलस्लीची गाठ पडली. नदीला उतार नाही, असे वाटाड्यांनी त्याला सांगितले होते. त्याने पाहिले की दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावे आहेत. अशा गावांमध्ये ये-जा असणारच, म्हणजे उतारही असणार, असा अंदाज त्याने बांधला आणि तो खरा ठरला. सैन्य पलीकडे गेले. पण शिंद्यांच्या पलटणींचा सेनानी पोलमन याने आपली सगळी रांग इतक्या सफाईने नव्या दिशेला फिरवली की वेलस्लीचा पहिला बेत फसला. संध्याकाळपर्यंत मैदान इंग्रजांच्या हाती आले, तेव्हा त्यांच्या बाजूचे ४२८ ठार आणि ११३८ जखमी झाले होते.

या लढाईचा इतिहास दीडशे वर्षे बहुतेक इंग्रजी खलित्यांवरून लिहिला गेला. शिस्तबद्ध युरोपीय सैन्यापुढे देशी फौज टिकली नाही, हे त्यातले ठरलेले वाक्य. रँडॉल्फ कूपर यांच्या २००३ सालच्या ग्रंथाने त्या वाक्याचा पायाच तपासला. शिंद्यांच्या तोफा आणि त्यांचे गोलंदाज त्या काळाच्या मानाने कमी प्रतीचे नव्हते. घाव बसला तो दुसरीकडे. लढाई सुरू होण्याआधीच ईस्ट इंडिया कंपनीने शिंद्यांच्या युरोपीय अधिकाऱ्यांना फोडण्याचा उद्योग केला होता, पैशाचे आणि हेरगिरीचे बळ तिच्याकडे होते. तोफा कुठे ओतल्या, गोलंदाजांचा पगार कोण देत होते, अधिकारी कधी सोडून गेले, हे प्रश्न रणांगणावरच्या शौर्यकथेपेक्षा कमी रंगतदार वाटतील. पण पराभवाचे कारण त्यांच्याच उत्तरांत आहे. जदुनाथ सरकार आणि गो. स. सरदेसाई यांच्या संपादकत्वाखाली पुणे रेसिडेन्सीचा पत्रव्यवहार छापला गेला, त्याचा फायदा अशा पुनर्विचाराला झाला. मोडी कागदांतून अजून पुष्कळ निघू शकेल. मोडी वाचणारे तरुण मात्र हवेत.

कागदांपलीकडचाही एक मार्ग आहे. अमेरिकेत मोंटाना राज्यात लिटल बिगहॉर्नच्या रणभूमीवर १९८३ साली गवताला वणवा लागला. माती उघडी पडली आणि पुढच्या दोन वर्षांत पुरातत्त्वज्ञांनी धातुशोधक घेऊन ती जमीन पट्ट्यापट्ट्याने तपासली. प्रत्येक गोळीची आणि काडतुसाची जागा नकाशावर नोंदवली. त्यातून १८७६ सालच्या त्या लढाईत कोण कुठून कुठे सरकले ते दिसले, आणि विजयी झालेल्या मूळ अमेरिकी योद्ध्यांच्या ज्या कहाण्या शंभर वर्षे बाजूला सारल्या गेल्या होत्या त्यांना आधार मिळाला. असईच्या शिवारात अशी पाहणी सरकारी परवानगीने आणि प्रशिक्षित माणसांकडून झाली पाहिजे, आणि ती लवकर झाली पाहिजे. ट्रॅक्टरचा नांगर आणि विहिरींची खोदाई दर वर्षी तो पुरावा उलथापालथा करत असते.

आता बदनापूर. तिथल्या कृषी संशोधन केंद्राचे नाव मराठवाड्यातला तूर पिकवणारा शेतकरी वाणाच्या नावातच घेतो. बीडीएन ७११, बीडीएन ७१६, बीएसएमआर ७३६, बीएसएमआर ८५३: या सगळ्या अक्षरांत बदनापूर दडलेले आहे. हे केंद्र परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे. तुरीला पूर्वापार दोन रोगांची धास्ती असते, मर आणि वांझ. वांझ रोग लागलेले झाड मरत नाही. ते हिरवे, झुडपासारखे दाट वाढते, पानांवर फिकट चट्टे येतात, आणि फुले-शेंगाच धरत नाहीत. शेतकरी काढणीपर्यंत उभ्या पिकाकडे पाहत राहतो आणि हाती काही लागत नाही.

या रोगाची नोंद १९३१ साली बिहारमधल्या पुसा इथून झाली. तो डोळ्यांना न दिसणाऱ्या कोळ्यांमार्फत पसरतो, हेही पुढे कळले. पण कोळी नेमके काय वाहून नेतात याचा उलगडा व्हायला विसाव्या शतकाची अखेर उजाडली. तेव्हा कुठे एका विषाणूची ओळख पटली. जवळजवळ सत्तर वर्षे रोगाचे कारण हाती नव्हते. मग तोवर वाण तयार कसे झाले? इथे वनस्पती पैदासकाराची पुराव्याची रीत दिसते. त्याला कारण पूर्ण कळण्याची वाट पाहता येत नाही. त्याने हमखास रोग लावण्याची युक्ती शोधायची, शेकडो नमुने त्या रोगाच्या तोंडी द्यायचे आणि जे तग धरतील ते निवडायचे. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेत यशवंत लक्ष्मण नेने आणि एम. व्ही. रेड्डी यांनी १९७६च्या सुमारास अशी एक युक्ती मांडली. रोगट झाडाचे पान निरोगी रोपाच्या पानाला स्टेपलरने टाचायचे. रोगट पान सुकू लागले की त्याच्यावरचे कोळी नव्या पानावर सरकतात आणि रोग लागतो. कचेरीतल्या टेबलावरचे एक साधन, पण त्यामुळे रोगप्रतिकार तपासणे खात्रीचे झाले.

रोगाला तोंड देणारा वाण मिळाला तरी काम संपत नाही. मराठवाड्यात पाऊस सप्टेंबरनंतर दगा देतो आणि हलक्या जमिनीतली उशिरा पिकणारी तूर ऐन शेंगा भरताना तहानते. म्हणून बीडीएन ७११सारख्या लवकर येणाऱ्या वाणाला महत्त्व आले. जमीन, पाऊस, रोग आणि बाजारातला भाव यांचा मेळ घालायला एका वाणामागे अनेक वर्षे जातात.

नेने यांची गोष्ट इथेच थांबत नाही, आणि मला ती या सगळ्या विषयाच्या मध्यभागी ठेवावीशी वाटते. भाताचा खैरा रोग जस्ताच्या कमतरतेमुळे होतो हे पंतनगरला असताना दाखवून देणारा हा वनस्पतिरोगशास्त्रज्ञ उतारवयात इतिहासाकडे वळला. १९९४ साली त्यांनी एशियन अॅग्री-हिस्टरी फाउंडेशन ही संस्था उभारली. सुरपालाच्या वृक्षायुर्वेद या संस्कृत ग्रंथाची हस्तलिखित प्रत त्यांनी ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयातून मिळवली. नलिनी साधले यांनी केलेले तिचे इंग्रजी भाषांतर १९९६ साली प्रसिद्ध झाले. कुणपजलासारखी जुनी द्रवखते ग्रंथात आहेत म्हणून खरी मानायची नाहीत आणि ग्रंथ जुना म्हणून फेकायचीही नाहीत; ती शेतात लावून पाहायची, अशी ही दिशा होती. हस्तलिखित वाचणारी संस्कृतज्ञ आणि रोगट पान टाचणारा शास्त्रज्ञ एका कामाला लागले, की संशोधनाचा दर्जा आपोआप उंचावतो.

जालन्याचे नाव देशभर गेले ते बियाण्यामुळे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली इथे महिको ही कंपनी सुरू केली. १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. २६ मार्च २००२ रोजी भारतात बीटी कापसाला परवानगी मिळाली, तेव्हा पहिले तीन संकर वाण महिकोचेच होते. कोकर ३१२ या अमेरिकी वाणातला बोंडअळीविरोधी जनुक इथल्या वाणांत पिढ्यानपिढ्यांच्या संकरातून उतरवण्याचे काम त्यामागे होते. पुढे काय झाले तेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवे. हिरव्या बोंडअळीविरुद्ध हे तंत्र टिकले, पण गुलाबी बोंडअळीने पहिल्या जनुकाला दाद देणे सोडल्याचे २०१० साली गुजरातमधल्या शेतांतून जाहीर झाले. प्रयोगशाळेतला पुरावा खोटा नव्हता. कीड बदलली. म्हणून बियाण्याच्या संशोधनात दर हंगामाला शेतातून नव्याने पुरावा गोळा करावा लागतो, आणि त्यासाठी कंपनीबाहेरच्या सरकारी व विद्यापीठीय निरीक्षणाची यंत्रणा मजबूत असावी लागते. यात काटकसर केली तर किंमत कापूस उत्पादक मोजतो.

पाण्याचा अभ्यास याहून संथ. जिल्ह्याखाली काळ्या पाषाणाचे थर आहेत, आणि पाणी साठते ते झिजलेल्या मुरमात आणि भेगांत. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते: जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर. कडवंचीत १९९०च्या दशकात खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या पुढाकाराने माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणलोटाची कामे झाली. २०१२-१३च्या दुष्काळात जालन्यातल्या मोसंबीच्या कितीतरी बागा वाळून गेल्या, पण कडवंचीच्या द्राक्षबागा टिकल्या. एका दुष्काळावरून सिद्धांत बांधता येत नाही. पण पंचवीस-तीस वर्षांच्या विहिरींच्या नोंदी हाती असतील तर बांधता येतो, आणि अशा नोंदी हाच पुढच्या इतिहासकाराचा दस्तऐवज आहे.

हे सगळे वाचणाऱ्या जालनेकरांकडे एक मागणे आहे. नांगराला जुने नाणे, मणी, खापर, तोफेचा गोळा लागला, तर तो पुसून-घासून चकचकीत करू नका आणि विकू नका. १८७८च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक मोलाचा निधी सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. विहिरीचे पाणी दर ऑक्टोबरला आणि मेला किती हातांवर होते ते घरच्या वहीत लिहा. तुरीच्या शेतात न फुललेले झाड दिसले तर बदनापूरला दाखवा. आणि जे काही कळवाल त्याच्यासोबत तीन गोष्टी न चुकता लिहा: गट क्रमांक, खोली, तारीख.