कडी

परवा परीक्षेसाठी पेन शोधताना वसतिगृहातल्या माझ्या खणाच्या तळाशी एक सेफ्टी पिन हाताला लागली. तिच्यात पोलादाच्या सहा कड्या ओवलेल्या होत्या. नथीतल्या मोत्याहूनही लहान. एकेकीचा व्यास अवघा दोन मिलिमीटर. खोलीतल्या मैत्रिणीने त्या उजेडात धरून पाहिल्या आणि विचारले, “अगं, हे कुठल्या बाहुलीचे डूल?” मला हसू आले. पण पिन पुन्हा खणात टाकवेना. मासे धरणारे लोक या कडीला टिपेट रिंग म्हणतात. एवढ्याशा वस्तूने आमच्या घरात काय केले ते सांगावेसे वाटले, म्हणून हा लेखनप्रपंच.

माझे मामा सैन्यातून निवृत्त झाले ते गावी परतलेच नाहीत. हिमाचल प्रदेशात, कुलू जिल्ह्यातल्या तीर्थन नदीकाठी, गुशैणी गावात दोन खोल्या भाड्याने घेऊन ते राहतात. आजोबांच्या मागे घराच्या वाटणीवरून त्यांचे आणि आईचे बिनसले, त्याला तेव्हा आठ वर्षे होत आली होती. समेटाचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. एकदा मावशीने केला, एकदा बाबांनी. दर वेळी बोलणे जुळे, कुठल्याशा शब्दावर तुटे, आणि तुटले की आधीपेक्षा थोडे अधिकच तुटे.

२०२२ च्या दिवाळीच्या सुट्टीत मी मामांकडे जायचे ठरवले, तेव्हा आई ‘जा’ म्हणाली नाही आणि ‘नको’ही म्हणाली नाही. निघताना मात्र तिने पिशवीत अनारशांचा डबा ठेवला. “तुझ्यासाठी,” म्हणाली. मला अनारसे आवडत नाहीत हे तिला पक्के ठाऊक आहे.

औटला उतरून लारजी, बंजार करीत मी गुशैणीला पोचले. ऑक्टोबरातली तीर्थन म्हणजे हिरवट काच! तळाचा गोटा न् गोटा दिसावा इतकी स्वच्छ. मामांनी मला घरात नेण्याआधी नदीवरच नेले. तिथला ब्राउन ट्राउट मासा मूळचा आपल्याकडचा नव्हे. १९०० साली त्याची अंडी स्कॉटलंडहून काश्मीरला आली आणि १९०९ मध्ये हॉवेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने तो काश्मीरहून कुलूत आणला. आता तो तिथलाच झाला आहे. मामाही तसेच, असे मला उगाच वाटून गेले. डबा मी त्यांच्या फळीवर ठेवला. त्यांनी एकदा पाहिला, उघडला नाही.

दुसऱ्या दिवशी शिकवणी सुरू झाली. आमच्या गावी मुले काठीला दोर बांधतात, गळाला गांडूळ टोचतात, आणि शिशाच्या वजनाने गळ बुडतो. फ्लाय फिशिंगची तऱ्हा निराळी. इथले आमिष म्हणजे पिसे आणि दोरा गुंडाळून केलेली नकली माशी. तिला वजनच नसते, म्हणून वजन दोराला दिलेले असते. आपण फेकायचा तो दोर. माशी त्याच्या मागून जाते. पण जाड दोर माशाजवळ आपटला तर मासा पळालाच. यासाठी दोराच्या पुढे सुमारे नऊ फुटांचा निमुळता होत गेलेला नायलॉनचा धागा असतो, तो लीडर. आणि त्याच्या टोकाला आणखी बारीक धाग्याचा दोन-तीन फुटांचा तुकडा, तो टिपेट. धाग्याची जाडी मोजायची रीतही गमतीची. अकरातून ‘एक्स’चा आकडा वजा केला की तितके सहस्रांश इंच! पाच एक्स म्हणजे सहा सहस्रांश इंच, जेमतेम ०.१५ मिलिमीटर. नायलॉन येण्यापूर्वी हे काम रेशीमकिड्याच्या ग्रंथींतून ओढून काढलेली तात करी, आणि वापरण्यापूर्वी ती भिजत घालावी लागे.

माशी बदलली की टिपेटचे बोटभर टोक जाते. टिपेट संपले की नवे बांधायचे, आणि त्या गाठीत लीडरचेही चार बोटे टोक खर्ची पडते. “लीडर निमुळता,” मामा सांगत होते, “त्यामुळे तो नुसता आखूड होत नाही, दर गाठीला त्याचे टोक जाड होत जाते. शेवटी असे होते की जाड टोकाशी बारीक धागा गाठच धरत नाही. मग सगळाच टाकून द्यायचा.”

मी काही बोलले नाही. मला मावशीचा प्रयत्न आठवला, बाबांचा आठवला.

“म्हणून ही कडी,” असे म्हणून त्यांनी खिशातून सेफ्टी पिन काढली. लीडर नवा असतानाच त्याच्या टोकाला कडी बांधायची, ती एकदाच. मग टिपेट कितीदा तुटो, संपो. नवे बांधायचे ते कडीला. लीडरला कात्री लागत नाही. कडी बांधायचीही युक्ती आहे. ती पिनेतून काढायची नाही; बोटांतून निसटली तर वाळूत सापडायची नाही. पिनेतच ठेवून धागा ओवायचा, धाग्याभोवती पाच वेढे द्यायचे, टोक कडीजवळच्या फटीतून परत आणायचे, थुंकीने ओले करायचे आणि मग सावकाश ओढायचे. कोरडी गाठ ओढली तर घासून तापते, आणि तापलेले नायलॉन दुबळे होते.

“पण मामा, आधी एक गाठ होती, आता दोन झाल्या. दोन्ही चुकू शकतात की!”

“चुकतात तर! म्हणून दोन्ही नीट मारायच्या,” ते म्हणाले. “आणि धागा फार गुंडाळू नकोस. कडी काठीच्या शेंड्याशी अडकते.”

भाऊबीज २६ ऑक्टोबरला होती. तिथला ट्राउटचा हंगाम ऑक्टोबरअखेर संपतो. पाचच दिवस उरले होते. परवाना खिशात घालून आम्ही पहाटेच निघालो. दुपारपर्यंत काही नाही. मग एका मोठ्या खडकामागच्या संथ पाण्यात माझी माशी गडप झाली आणि काठी वाकली. मी आनंदाने ओरडले, आणि मामा ‘सोड, धागा सोड’ म्हणेपर्यंत घाईने जोरात ओढले. काठी एकदम सरळ झाली. मासाही गेला, माशीही गेली. माझ्या डोळ्यांत पाणी आले.

मामांनी लीडर हातात घेऊन टोक पाहिले. कडी जागच्या जागी होती. “गेला तो तुकडाच गेला,” ते म्हणाले, आणि नवे टिपेट ओवू लागले. ओवता ओवता, माझ्याकडे न पाहता त्यांनी विचारले, “ताई अजून पहाटे उठून अनारसे तळते का?”

संध्याकाळी डबा उघडला गेला. मी फोन लावून त्यांच्या हातात दिला आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले. आतून बराच वेळ काहीच ऐकू आले नाही. मग मामांचा आवाज आला, “मऊ पडलेत जरा. पण झकास आहेत.”

मी काही फार मोठे जोडले असा माझा दावा नाही. कडीने तरी काय केले? दोन गाठी अंगावर घेतल्या, इतकेच. वाटणीचा प्रश्न आजही सुटलेला नाही. त्यानंतरही दोनदा बोलणे तुटले. पण आता तुटते ते त्या दिवशीच्या शब्दापुरते. मागची वर्षे त्यात कातरली जात नाहीत. दोन्ही वेळा मी फोन लावला आणि दोन्ही वेळा तो उचलला गेला.

तीर्थनचा हंगाम मार्चमध्ये उघडतो. परीक्षा संपली की मी जाणार आहे, आणि या खेपेला आई बरोबर येते म्हणाली आहे. पिनेतल्या सहा कड्या पुरतील. डबा तीच घेणार आहे.